डागावरचा भोपळा

हॉलबर्ग, मिनेसोटा
१४ सप्टेंबर १९८७

प्रिय धाकटीस,

अ. आ. आणि पत्राला पाच आठवडे लावलेस म्हणून पाठीत एक धपाटाही. मी बरी आहे. पाऊस यायचा असला की गुडघा आदल्या दिवशीच सांगतो, त्यामुळे बातम्यांसाठी रेडिओ लावावा लागत नाही.

टोमॅटो संपले, भोपळे भरलेत. मागच्या दारच्या मेपलची एकच फांदी लाल झालीय, बाकीचं झाड अजून विचार करतंय. हार्लन असता तर म्हणाला असता की यंदा थंडी लवकर. संसारभर दरवर्षी तो हेच म्हणायचा आणि दरवर्षी मी त्याला वेड्यात काढायची. आता म्हणणारं कुणी नाही तर मीच मोठ्यानं म्हणते. परवा म्हणत होते तेवढ्यात शेजारीण खिडकीत दिसली. तिनं हात केला, मीही केला. दिवसभरात तेवढीच काय ती गाठभेट.

तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलं कसलं, लपवलंच. शेत विकून मी गावात आले आणि त्याच वर्षी आपलं शेताकडचं चर्च बंद होऊन आम्ही सगळे इथल्या मोठ्या चर्चमध्ये आलो, हे तुला ठाऊक आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी इथं तळघरात सगळ्यांचं जेवण असतं. आपल्याकडे लांब फळ्या टाकून वर कागद अंथरायचे. इथली चाल वेगळी. चौदा टेबलं, एकेका टेबलावर आठ माणसं, आणि प्रत्येक टेबल एकेका बाईनं घ्यायचं. कापड तिचं, ताटल्या तिच्या, सजावट तिची. लोक येतात आणि वाटेल त्या टेबलावर बसतात.

मागच्या वर्षी मी एक टेबल घेतलं होतं. सगळ्यांना फार आवडलं असं तुला कळवलं. ते खोटं नव्हतं, पण पुढचं लिहिलं नाही. माझ्या टेबलावर कुणी बसलंच नाही गं. बाकीची तेरा टेबलं भरली, एका ठिकाणी तर खुर्च्या ओढून अकराजण बसले. मी माझ्या आठ ताटल्यांसमोर एकटी जेवले. पाद्रीबाबा येऊन पाच मिनिटं उभ्याउभ्या बोलले, हातात पाईची बशी धरून. मला वाटतं, आम्ही बंद पडलेल्या चर्चची माणसं त्यांना नकोच आहेत. तोंडावर कुणी म्हणत नाही, एवढंच.

यंदाचा नावांचा कागद चर्चच्या फळ्यावर लागलाय. सहा नंबरच्या टेबलापुढे मी माझं नाव लिहून आले. याही वर्षी तसंच झालं, तर नाताळाआधी घर विकायला काढते आणि तुझ्याकडे येते. तीन वर्षं बोलावतेयस, आता मी मनापासून सांगतेय. एखाद्या गावात माणसानं किती वेळा हात पुढे करायचा, यालाही काही मर्यादा असते.

लोभ आहेच, पत्राचं तेवढं मनावर घे.

तुझी,
व्हर्ना

&nbsp;

पालो सेको, ॲरिझोना
२४ सप्टेंबर १९८७

प्रिय थोरलीस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातलाय. खरोखर खाली वाकले तर मला उठवणार कोण?

बाई गं, वर्षभर ही गोष्ट पोटात ठेवलीस! लहानपणी दात दुखत होता तेव्हाही गाल सुजेपर्यंत बोलली नव्हतीस. आईनं तुला विचारलं होतं की तू मुलगी आहेस की कुंपणाचा खांब. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग त्या गावातल्या एकूणएक माणसाला शिव्या दिल्या. छातीला बरं वाटलं. डॉक्टर म्हणतात माझ्या फुप्फुसांना कोरडी हवा हवी. शिव्यांचाही गुण येतो असं दिसतंय.

आता मनातलं सांगते. तू येतेस म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. लेलंड गेल्यापासून या चाकांवरच्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच आहोत. इथं सगळी निवृत्त माणसं. सण आला की जो तो पोराबाळांकडे जातो आणि वसाहतीत मी आणि चार कुत्री उरतो. अंगणात गवत नाही, खडी आहे. झाडाला पान नाही, काटे आहेत. शरद ऋतू कॅलेंडरवर बघायचा. पण तू आलीस तर दोघी मिळून खडीला नावं ठेवू. मागची खोली रिकामी करायला घेतलीय. शिवणयंत्र बाहेर काढलं, पलंग आत लावला.

पण मला राहवत नाहीये. त्या दिवशी तुझ्या टेबलावर काय काय होतं, कोण आलं, कोण कसं वागलं, सगळं बैजवार लिही. काही गाळू नकोस. तुला गाळायची खोड आहे.

माया आहे ती राहू दे, आणि पोस्टात टाकत जा.

तुझी,
अर्लिस

&nbsp;

हॉलबर्ग
५ ऑक्टोबर १९८७

प्रिय धाकटीस,

अ. आ. बैजवार हवंय ना? मग घे, चष्मा पूस आणि बस.

सगळ्यांत खाली आईचा लग्नातला पांढरा टेबलक्लॉथ. तू पाडलेल्या बिटाच्या डागासकट. पंचावन्न वर्षं झाली, लिंबू झालं, ऊन झालं, ब्लीचसुद्धा झालं, तो डाग काही जात नाही. फिकट गुलाबी उरलाय, पण बरोब्बर मध्यभागी! कुठं पाडायचा ते तुला बरं समजलं. त्यावर मी नेहमीप्रमाणे एक मोठा भोपळा ठेवला. चांगला वाटोळा, देठ वाकडा, रंग गडद नारिंगी. त्याच्या भोवती कुंपणावरची ती लाल-नारिंगी बोरांची रानवेल, मध्ये मध्ये रंगीत मक्याची कणसं, काळसर निळे आणि तांबडे दाणे असलेली. दोन्ही टोकांना गव्हाच्या ओंब्यांची एकेक पेंडी, तपकिरी फितीनं बांधलेली. हार्लनच्या आईचे मधाच्या रंगाचे काचेचे पेले. मोरपिशी काठाच्या ताटल्या. नॅपकिन गंजाच्या रंगाचे, प्रत्येकाच्या घडीत एक ओकचं पान, मेणकागदात ठेवून इस्त्री केलेलं. सहा मेणबत्त्या. तळघरातल्या त्या पांढऱ्या ट्यूबलाइटखालीसुद्धा ते टेबल उजळून निघालं होतं. मी माझ्याच टेबलाकडे बघून दोन मिनिटं सुखावले होते, देवा शप्पथ.

मग लोक आले. ग्लॅडिस हॉव्हलंड, म्हणजे इथल्या महिला मंडळाची अध्यक्ष, ती पहिली. तिनं एक पेला उचलला, उजेडात धरला, फार सुंदर म्हणाली आणि होता तिथं हळूच ठेवून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली. तिचा नवरा ऑर्व्हिल, त्यानं तर खुर्ची ओढली होती! ओढली, टेबलाकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं आणि खुर्ची परत आत सारली. ही जागा कुणासाठी तरी असेल असं काहीसं पुटपुटला. एक छोटी मुलगी भोपळ्याला हात लावायला आली तर तिच्या आईनं तिला बाहीला धरून मागे ओढलं, जशी काही माझ्या टेबलाला विजेची तार जोडलीय. मी सगळ्यांना या, बसा म्हणत होते. सगळे हसून हो हो म्हणत होते आणि पुढे जात होते.

दुसऱ्या बायकांची टेबलं काय होती म्हणशील? कागदी टर्की, प्लॅस्टिकची पानं, आणि एकीनं तर बरणीत शेवंती खुपसली होती, बरणीवरचं लोणच्याचं लेबलसुद्धा काढलं नव्हतं. तिथं अकराजण बसले होते.

यंदा मी ठरवलंय. मागच्यापेक्षा सरस करायचं. सोनेरी शाईनं नावांच्या चिठ्ठ्या घालाव्या म्हणते, आणि आईचे चांदीचे चमचे काढीन. मग मला म्हणता येईल की माझ्याकडून मी काही बाकी ठेवलं नाही. तुझं काय मत?

आशीर्वाद आहेतच, खोकला सांभाळ.

व्हर्ना

&nbsp;

पालो सेको
२१ ऑक्टोबर १९८७

प्रिय थोरलीस,

शि. सा. न. वि. वि. उशीर झाला, माफ कर. खोलीला रंग देत होते.

भोपळ्याच्या गराचा पिवळा रंग आणलाय. दुकानदारानं विचारलं की नक्की हाच का, मी म्हटलं माझी बहीण मिनेसोटाहून येतेय, तिला शरद ऋतू भिंतीवर तरी दिसू दे. दोन भिंती झाल्या, दोन उरल्या. वासानं खोकला वाढला, पण संध्याकाळचं ऊन आलं की खोली मोठी छान दिसते.

चिठ्ठ्या घाल. चमचेही काढ. टेबल सुंदरच होईल, तुझं नेहमी होतं. जास्त काही लिहीत नाही, हात दुखतोय.

आठवण काढणारी,
अर्लिस

&nbsp;

हॉलबर्ग
४ नोव्हेंबर १९८७

प्रिय धाकटीस,

अ. आ. एवढं चिमूटभर पत्र? तब्येत खरंच बरी आहे ना? रंग देण्याचं वय आहे का तुझं?

इकडे पहिला बर्फ पडून गेला. रानवेल आणायला मी शेताकडे जाऊन आले. नव्या मालकानं आपलं कुंपण काढून टाकलंय, पण रेल्वेच्या कडेची वेल तशीच आहे. पूर्वी हार्लन कापायचा आणि मी टोपली धरायची. आता टोपली जमिनीवर ठेवायची आणि मीच कापायची. घरी येताना सबंध रस्ताभर शेजारच्या सीटवर ती टोपली होती आणि मी तिच्याशी बोलत आले. पूल निसरडा झालाय म्हणाले. वेडी झालेय मी असं वाटेल तुला, पण गाडीत दुसरं होतं कोण?

दिवसभर आवाज नसतो गं घरात. फ्रिज सुरू झाला की बरं वाटतं. आपण चहा ओतला, आपणच प्यायला, एक कप धुतला, तो एकच कप पालथा घातला. रविवारी चर्चमध्ये सगळे कशा आहात विचारतात आणि उत्तर यायच्या आत कोट चढवायला लागतात. वाईट नाहीत माणसं. पण माझं इथं असणं नसणं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही.

चिठ्ठ्या लिहून झाल्या. नावं कुणाची लिहायची हा प्रश्न होता, म्हणून नुसतं 'पाहुणे' लिहिलं, आठ वेळा. घरं विकणाऱ्या बाईंना बोलावलं होतं, त्या खोल्या बघून गेल्या. बावीस तारखेनंतर कळवते असं त्यांना सांगितलंय. म्हणजे बघ, सगळं त्या एका जेवणावर आलंय. कुणी बसलं तर मी इथली, नाही बसलं तर तुझी.

एक मोठी पेटी आतापासून रिकामी करून ठेव.

आशीर्वाद, आणि औषध वेळेवर घे.

व्हर्ना

&nbsp;

पालो सेको
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय थोरलीस,

शि. सा. न. वि. वि. या खेपेला डोकं खरंच पायावर ठेवलंय असं समज. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता चौथं फाडायच्या आत पोस्टात टाकते, म्हणजे वेळेत पोचेल.

तुझं ऑक्टोबरातलं पत्र वाचलं त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. ऑर्व्हिलनं खुर्ची परत सारली इथपर्यंत आले आणि मी मोठ्यानं हसले. अगं वेडाबाई, तुझा कुणी अपमान केला नाही! ती आपलीच माणसं आहेत. पातेल्यातला शेवटचा बटाटा चौघं चार वेळा एकमेकांकडे सरकवणार आणि शेवटी तो वाळून जाणार, अशी. चांगली खुर्ची दुसऱ्याला, उबेची जागा दुसऱ्याला. त्यांनी खोलीतलं सगळ्यांत सुंदर टेबल बघितलं आणि जो तो ते दुसऱ्या कुणासाठी तरी सोडून गेला. तळघरातल्या शंभर माणसांनी ते एकमेकांसाठी राखून ठेवलं आणि तू तिथं एकटी जेवलीस.

आणि आता डागाचं. तो मी पाडलेला नाही. पंचावन्न वर्षं मी तो आळ सोसला, आज झटकते. तू चौदाची होतीस, गावात डॉक्टरांच्या घरी कामाला. मी नऊची. मळणीची माणसं आली होती, शेवटचा दिवस होता, आणि आईला हुक्की आली की यांना एकदा तरी लग्नाच्या टेबलक्लॉथवर जेवायला घालायचं. तो पांढरा शुभ्र टेबलक्लॉथ बघितला आणि सगळी माणसं दारातच थांबली. हात धुतले, पुन्हा धुतले, ताटल्या उचलल्या आणि ओसरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. बारा माणसं पायऱ्यांवर आणि आई आत एकटी टेबलाशी. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मग तिनं बिटाच्या लोणच्याची बरणी घेतली, चमचाभर लाल पाणी बरोब्बर मध्यभागी ओतलं आणि हाय हाय करत स्वतःच्या वेंधळेपणाला मोठमोठ्यानं नावं ठेवायला लागली. माणसं धावत आत आली, जाऊ द्या, काही बिघडलं नाही म्हणून तिची समजूत घालत घालत खुर्च्यांवर बसली. संध्याकाळपर्यंत त्या कापडावर ग्रेव्हीही सांडली होती, पण ती धुतल्यावर गेली. आईनं मला बजावलं की व्हर्नाला सांगू नकोस, तिचा त्या टेबलक्लॉथवर फार जीव आहे. तू घरी आल्यावर मी पुढे होऊन म्हटलं की माझ्या हातून पडला. तू माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस.

त्याच डागावर तू दरवर्षी भोपळा ठेवतेस.

महिनाभर मी गप्प का बसले, विचारशील. चिठ्ठ्या घाल, चमचे काढ, असंही लिहिलं. कारण टेबल जितकं सुंदर होईल तितकं ते रिकामं राहील आणि तू माझ्याकडे येशील. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. मला तू हवी होतीस. पण मग टोपलीशी बोलत आलीस ते वाचलं. दोघींपैकी एकीचं तरी टेबल भरता येत असेल तर ते भरायला हवं.

भोपळा उचल, थोरले. मायेवर माझा हक्क उरला असेल तर ती ठेव.

अर्लिस

&nbsp;

हॉलबर्ग
२३ नोव्हेंबर १९८७

प्रिय धाकटीस,

अ. आ., अ. आ., अ. आ. तीनदा, कारण एकदानं भागणार नाही.

तुझं पत्र गुरुवारी आलं. आधी मला राग आला. दुपारभर होता. इतका की मी भांडी घासलेली परत घासली. मग मला नऊ वर्षांची तू आठवलीस, दोन दिवस माझ्या मागे मागे फिरत होतीस आणि मी तुझ्याकडे ढुंकून बघत नव्हते. कशी होते गं मी!

पण तू सांगितलंस तसं लगेच जमलं नाही. रविवारी मी टेबल मांडलं. चिठ्ठ्या आणि चांदीचे चमचे घरीच ठेवले, पण भोपळा मात्र हात आपोआप डागावरच ठेवून आला. चार वाजता लोक यायला लागले आणि मागच्या वर्षीचंच सगळं परत सुरू झालं. आले, बघितलं, सुंदर म्हणाले, गेले. ऑर्व्हिल यंदा खुर्चीपर्यंतसुद्धा आला नाही. पाच टेबलं भरली. मग सात. पुन्हा तसंच जेवावं लागणार आणि यंदा मला ते सोसणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

मी भोपळा उचलला. दोन्ही हातांनी, आणि जमिनीवर ठेवला. आणि मोठ्यानं म्हणाले, खोटं कशाला बोलू, सवयीनं तोंडातून तेच निघालं, की बघा आमच्या धाकट्या अर्लिसनं आईच्या लग्नाच्या कापडाची काय दशा केलीय, पंचावन्न वर्षं झाली तरी जात नाही. माफ कर. आळ परत तुझ्यावरच आला.

ग्लॅडिस हॉव्हलंड शेजारच्या टेबलावर टेकत होती. डाग म्हटल्याबरोबर ती उठली. वाकून बघितलं, चष्मा वर केला, नखानं खरवडलं आणि व्हिनेगर लावलंत का विचारलं. लावलं म्हटलं. किती वेळ ठेवलं? मी रात्रभर म्हटल्यावर ती खाली बसली, कारण आता उभ्यानं बोलण्यासारखा विषय राहिला नव्हता. मागून आणखी एक आली, ती दुधाच्या बाजूची. तिसरीचं म्हणणं की कापड पातेल्यावर ताणून उंचावरून उकळतं पाणी सोडायचं, तिची सासू तसंच करायची. त्यावरून त्यांची अशी जुंपली की कुणी उठायलाच तयार नाही. बायका बसल्या म्हटल्यावर नवरे ताटं घेऊन आले. ऑर्व्हिलनं दोन खुर्च्या ओढून आणल्या. आठाच्या टेबलावर आम्ही अकराजण झालो, अर्लिस! त्या छोट्या मुलीला मी भोपळ्यावरच बसवलं.

जेवताना मी विचारलंच ग्लॅडिसला, मागच्या वर्षी काय झालं होतं. ती तांबडी लाल झाली. म्हणाली की सगळ्यांना वाटलं ते टेबल बिशपसाहेब येणार म्हणून मांडलंय. ते आले नाहीत तेव्हा वाटलं की तुम्हा बंद झालेल्या चर्चच्या लोकांसाठी असेल. आणि त्या लोकांना वाटलं की ते गावातल्या लोकांसाठी आहे. वर्षभर तिला मला तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणे, म्हणून बोलायला धजत नव्हती. आणि मला वाटत होतं की मी तिला नकोशी आहे.

ऑर्व्हिलनं क्रॅनबेरीचा रस सांडला. डागाच्या शेजारीच. त्याचा चेहरा असा झाला की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आता तिथं दोन आहेत. तो धुवायचा नाही असं ठरवलंय.

घरं विकणाऱ्या बाईंना सकाळीच नको म्हणून कळवलं. मंगळवारी ग्लॅडिसकडे गोधड्या शिवायला जायचंय, गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवणही त्यांच्याकडेच. तुझ्या पिवळ्या खोलीचं मला फार वाईट वाटतं. उन्हाळ्यात येईन म्हणते, पण तेव्हा तुमच्याकडे भाजून निघायला होतं, आणि हिवाळ्यात इथली कामं. बघू. तूच का येत नाहीस? हो, फुप्फुसं. विसरलेच.

तुझ्यामुळे झालं हे. तुला काय द्यावं लागलं ते मला कळतं, असं समजू नकोस की कळत नाही.

खूप आशीर्वाद, आणि यापुढे डागाचा आळ कायमचा आईवर.

व्हर्ना

&nbsp;

पालो सेको
२८ नोव्हेंबर १९८७

प्रिय थोरलीस,

शि. सा. न. वि. वि. अकराजण! मी पत्र शेजारणीला वाचून दाखवायला गेले, पण ती मुलाकडे गेलीय. मग कुत्र्याला वाचून दाखवलं. त्यानं शेपूट हलवली.

मी बरी आहे. खोकला कमी आहे. उरलेल्या दोन भिंतींनाही रंग देऊन टाकला. डबा उघडलेला होता, वाया कशाला घालवायचा. उन्हाळ्यात येणार नाहीस ते मला ठाऊक आहे, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून तू येशील असंच मी धरून चाललेय.

गुरुवारी वसाहतीच्या हॉलमध्ये जेवण होतं, पण पाचच नावं आली म्हणून रद्द झालं. मग मी पिवळ्या खोलीतच टेबल मांडलं. इथं रानवेल नाही, ओक नाही. लाल मिरच्यांची माळ मिळाली ती मध्ये ठेवली, एक बुटका भोपळा, दोन संत्री. कापड म्हणून जुना निळा पडदा. छान दिसत होतं हं. दोन ताटल्या ठेवल्या. खिडकीसमोरच्या खुर्चीतून डोंगर दिसतो, ऊनही तिथंच येतं. मी भिंतीकडच्या स्टुलावर बसले. अर्धं जेवण झाल्यावर लक्षात आलं की खोलीत मी एकटीच आहे आणि चांगली खुर्ची सोडून बसलेय. हसूही आलं आणि रडूही आलं. तरी उठून तिकडे बसले नाही.

ग्लॅडिसबाईंना माझा नमस्कार सांग. आणि ऑर्व्हिलला सांग की क्रॅनबेरीला व्हिनेगर चालत नाही.

माया उरेल तेवढी पाठवत जा, इथं लागते.

तुझी,
अर्लिस

ता. क. भोपळ्याची छोटी पाई आणली होती, चार तुकड्यांची. गुरुवारी एक खाल्ला, काल दोन. शेवटचा घेतला नाही. कुणासाठी ठेवलाय, मलाच ठाऊक नाही. आज सकाळी बघितलं तर तो अजून बशीत तसाच होता.